मामांचा शब्द

कुलपांच्या त्या कारखान्यात मामा सगळ्यांचे मामा होते. त्यांची खरी भाची लहान असताना त्यांचा घरी विसरलेला जेवणाचा डबा घेऊन फाटकाशी यायची आणि "मामाऽ" अशी बोंब ठोकायची की आतली यंत्रंसुद्धा दचकावीत. ती हाक आधी पहारेकऱ्याने उचलली, मग कानस मारणाऱ्यांनी, आणि शेवटी थोरल्या मालकांनीही. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं आणि तेव्हा मामा स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघायचे, हा कोण बुवा नवीन आला म्हणून.

काम तपासणीचं. तयार कुलूप त्यांच्या टेबलावर आलं की ते किल्ली फिरवायचे, कडी दाबायचे आणि आतला खटका कानाशी धरून ऐकायचे. आवाज पटला नाही तर "हे रुसलंय" म्हणून बाजूला ठेवायचे. हेच कान घरी मात्र काम करत नसत. दळण आणायला सांगितलेलं मामींना तीनदा सांगावं लागे, आणि तिसऱ्यांदाही ते "काय म्हणालीस?" असंच विचारत.

पण मामांचा खरा अभिमान कानाचा नव्हता, शब्दाचा होता. थोरल्या मालकांची रीत अशी होती की कारखान्यात माणूस घ्यायचा तो जुन्या माणसाच्या शब्दावर. जाहिरात नाही, परीक्षा नाही. कुणीतरी येऊन म्हणायचं, हा माझ्या ओळखीचा, याच्यासाठी शब्द टाकतो. मालक मान डोलवायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "ज्याचा शब्द, त्याची मान." म्हणजे आणलेल्या माणसाने उद्या काही वेडंवाकडं केलं, तर मान खाली घालायची ती शब्द टाकणाऱ्याने.

मामांनी हे वाक्य असं काही मनावर घेतलं होतं की विचारू नका. त्यांनी लावलेला एक पोरगा आळसाने कामावर येईनासा झाला, तेव्हा मामा सकाळी त्याच्या घरी जाऊन त्याच्या उशाशी बसले आणि तो उठून बूट घालेपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्याने पितळेचे तुकडे खिशात घातले, तर माफी मामांनी मागितली, आणि ती मागताना त्यांचे कान लाल झाले होते म्हणे. त्यामुळे मामांच्या शब्दाला वजन आलं. गल्लीतल्या आया आपली पोरंपोरी घेऊन त्यांच्या घरी यायच्या. मामा पोराला समोर बसवून विचारायचे, "मध्येच सोडून जाणार नाहीस ना?" पोरगं नाही म्हणायचं. जगात या प्रश्नाला हो म्हणणारं पोरगं अजून जन्माला यायचंय. मग मामा थोडं थांबून म्हणायचे, "बरं. टाकतो शब्द." तेवढ्या थांबण्यात त्या आईचा जीव टांगणीला लागायचा, हे मामांना चांगलं कळत होतं, आणि खोटं कशाला बोला, ते त्यांना आवडतही होतं.

मग थोरले मालक गेले आणि त्यांच्या सुनेने कारभार हातात घेतला. सगळे त्यांना बाई म्हणत. बाई कामाला कडक होत्या, बोलायला गोड होत्या. मामा पूर्वीसारखे माणसं घेऊन जात, आणि बाई म्हणत, "मामा, सध्या जागा नाही हो." पण कारखान्यात नवे चेहरे तर दिसत होते. मामा काय समजायचं ते समजले. हळूहळू गल्लीलाही ते समजलं आणि आयांचं येणं थांबलं. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायची मामांची सवय मोडली. जेवण कमी झालं, झोप तर उडालीच. मामी डॉक्टरांकडे चला म्हणायच्या, आणि मामा म्हणायचे, मला काय धाड भरलीय.

असं बरेच दिवस चाललं. मग भाचीचं तंत्रशिक्षण पूर्ण झालं. मामांनी धीर केला, तिला घेऊन बाईंसमोर उभे राहिले आणि कापऱ्या आवाजात शब्द टाकला. बाई हसून "हो" म्हणाल्या. तिथून पुढे मामांचा शब्द पुन्हा चालू लागला. ज्याला नेतील तो लागायचा. खुर्ची दारात आली. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "बाई कडक आहेत, पण माणूस ओळखतात."

नव्या पोरांबद्दल मात्र मामांचं मत वाईट होतं. सुट्टीचा भोंगा व्हायच्या आत यांचे हात धुऊन झालेले असतात. रविवारी या म्हटलं तर सरळ नाही म्हणतात, वर कारणही देत नाहीत. कारखान्याला चुकूनही "आपला" म्हणत नाहीत. "आम्ही नोकरीला लग्नासारखी धरली," मामा म्हणायचे, "ही पोरं कपड्यासारखी अंगाला लावून बघतात." भाचीही त्यांतलीच होती, पण ती घरची होती, आणि घरच्यांचं सगळं आपण वेगळ्या तराजूत घालतो. नवीन कुलपांचा वेगळा विभाग निघणार होता. त्याची प्रमुख भाचीच व्हावी म्हणून मामांनी बाईंकडे शब्द टाकून ठेवला होता आणि अर्ध्या गल्लीला सांगूनही टाकलं होतं.

रविवारी सगळे बहिणीकडे जेवायला जमले होते. भाची वाढत होती. वाढता वाढता, बसचा नंबर बदलला असं सांगावं तशी ती म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात सोडतेय. नवी नोकरी मिळाली."

मामांचा हात ताटातच राहिला. त्यांना आधी वाटलं, आपल्या घरच्या कानांनी काहीतरी घोटाळा केला. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की नवी कंपनी बोट लावून उघडणारी कुलपं बनवते, किल्लीच नाही. बहीण खाली बघून जेवत होती, म्हणजे तिला आधीच माहीत होतं. मामांनी विभागाचं विचारलं. भाची म्हणाली की बाईंनी तिला विचारलं होतं आणि ती नको म्हणाली.

"अगं, पण मी शब्द टाकलाय," मामा म्हणाले. "तुला लावताना टाकला, आता विभागासाठी टाकला. माझी मान खाली जाईल, त्याचं काही?"

"मामा, तुझ्या शब्दाचं म्हणशील तर..." भाची बोलता बोलता थांबली, कारण मामींनी मध्येच मामांच्या ताटात त्यांनी न मागितलेली भाजी वाढली आणि भाचीकडे असं काही बघितलं की पोरगी गप्प झाली. मामांना ते दिसलं, पण उमगलं नाही. ते ताटावरून उठले. बहिणीच्या घरातून अर्धपोटी उठण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी मामा ठेवणीतला शर्ट घालून थेट बाईंच्या खोलीत गेले. रात्रभर त्यांनी मनाशी ठरवलं होतं. थोरल्या मालकांची रीत मोडायची नाही. माणूस आपलं, शब्द आपला, तर मानही आपलीच.

"बाई, माझ्या शब्दाचं माणूस चाललंय," ते उभ्यानेच म्हणाले. "ज्याचा शब्द, त्याची मान. मीही आजपासून येत नाही."

यावर बाई उठतील, मामा असं काय करता म्हणतील, एवढी आशा त्यांच्या मनात होतीच. पण बाईंनी मान वर करून विचारलं, "कुठला शब्द, मामा?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मग त्यांनी मामांचा चेहरा बघितला आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्हाला माहीत नाही?"

मग बाईंनी जे सांगितलं ते मामा ऐकत राहिले. कारभार हातात आल्यापासून बाई माणसं परीक्षा घेऊन निवडत होत्या. शनिवारी मुलं येतात, त्यांच्यासमोर एक कुलूप ठेवतात, ते पूर्ण सुटं करायचं आणि पुन्हा जोडायचं. ज्याचं नीट जमेल तो घेतला. भाचीही तशीच आली होती, घरी कुणाला न सांगता, आणि सगळ्यांत पहिली आली होती. तेव्हा तिने बाईंकडे एकच गोष्ट मागितली. म्हणाली, मला आज हो म्हणू नका. सोमवारी माझे मामा मला घेऊन येतील आणि शब्द टाकतील, तेव्हा म्हणा. बाईंना ते गोड वाटलं. पुढे प्रत्येक निवड झाली की भाची त्या मुलाला गाठायची आणि सांगायची, आधी मामांच्या घरी जाऊन ये, त्यांच्याबरोबरच कामावर ये.

"मला वाटलं, तुम्हालाही ठाऊक आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "घरातली एक गंमत म्हणून चाललीय. इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे, मामा."

"सगळ्यांना?"

बाईंनी पेन पुन्हा उचललं. राजीनाम्याचा विषय त्यांनी माशी उडवावी तसा उडवला. भाचीचं कौतुक करणारं पत्र आपण त्या नव्या कंपनीला कधीच दिलंय, म्हणाल्या, आणि मामांनी जाऊन कामाला लागावं, शनिवारची पेटी तशीच पडलीय.

मामा बाहेर आले. कानस मारणारा पोरगा म्हणाला, "मामा, आज नवा शर्ट?" पेट्या भरणारी मुलगी म्हणाली, "मामा, बरं नाही का?" आजवर ही हाक नात्याची वाटत होती. आता तिचा दुसरा अर्थ त्यांच्या कानात शिरला आणि निघेना. जग एखाद्याचा मामा बनवतं, इथे तर अख्ख्या कारखान्याने मिळून बनवला होता. ही सगळी पोरं त्यांच्या घरी येऊन, खाली मान घालून, मध्येच सोडणार नाही म्हणून सांगून गेली होती, आणि खिशात नोकरी घेऊनच आली होती. मामा टेबलाशी बसले, एक कुलूप कानाला लावलं. खटका वाजला की नाही हेच त्यांना कळेना. पुन्हा लावलं. शेवटी चांगलं धडधाकट कुलूप त्यांनी रुसलेल्यांत टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भाचीला मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"किती हसलात माझ्यावर?"

तिने एका नजरेत ओळखलं. "कुणी हसलं नाही, मामा."

"मामा बनवलंत मला. तू, माझ्या सख्ख्या बहिणीची पोर."

आता भाची चिडली. ती चिडली की तिचा आवाज वर जात नाही, खाली जातो. "तू दारात बसायचा बंद झाला होतास. आई रोज विचारायची, दादाला काय झालंय. मामी रडायच्या, तुला दिसायचं नाही. मला जे सुचलं ते मी केलं. ते चुकलं असेल तर चुकलं."

"आणि आता निघालीस. आम्हाला उघड्यावर टाकून."

"मी गेल्याच वर्षी जाणार होते. ह्याच लोकांनी बोलावलं होतं. मीच नाही म्हणाले."

"का?"

"मी गेले असते तर पोरांना तुझ्याकडे कुणी धाडलं असतं?"

या पिढीला इमान नाही, चिकाटी नाही, हे आपण ज्या खुर्चीत बसून गल्लीला ऐकवत होतो, ती खुर्ची या पोरीने आपलं एक वर्ष घालून दारात ठेवली होती. मोठ्या कंपनीला नाही म्हणून ही इथे थांबली, कारखान्यासाठी नाही, बाईंसाठी नाही, एका तपासनिसाच्या झोपेसाठी. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आधी लाज वाटली, आणि मग आपण हे कधीच ओळखलं नाही याची भीती वाटली.

भाचीचा आवाज थोडा नरम झाला. ती म्हणाली की तिला कारखान्याचा राग नाही, कंटाळाही नाही. "इथलं सगळं मला येतं आता. जे येत नाही ते शिकायचंय. उद्या तिथलं आलं की तिथूनही जाईन. यात बाईंचा अपमान कसला? बाईंना नाही वाटला, तुलाच वाटला."

"मग आता कोण धाडणार?" मामांनी विचारलं. विचारल्यावर त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"कुणी नाही. तेच सांगायचं होतं काल, जमलं नाही." भाची टाकीच्या नळाकडे बघत म्हणाली, "एक मुलगी आहे, परवा निवडलेली. ती आज संध्याकाळी येईल. ती शेवटची."

घरी आल्यावर मामांनी मामींना विचारलं, "तुलाही ठाऊक होतं?"

मामी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "तुम्ही झोपायला लागला होता," त्या म्हणाल्या. "मी कशाला तोंड उघडू?" आणि त्यांनी पुढचा कपडा उचलला. मामांना वाटलं, एवढी वर्षं आपण एका घरात राहतोय आणि ही बाई कोण आहे ते आपल्याला ठाऊकच नाही.

दिवेलागणीला दार वाजलं. दोन गल्ल्या पलीकडे कपडे शिवून देणारी बाई होती आणि तिची मुलगी. आईने ठेवणीतली चप्पल घातली होती, ती तिला चावत होती हे चालण्यावरून दिसत होतं. मुलगी खाली बघून उभी राहिली, अगदी सांगितल्याप्रमाणे. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने मामांच्या शब्दाबद्दल काय काय ऐकलंय ते सगळं घाईघाईने सांगितलं, आणि मामांनी विचारायच्या आधीच म्हणाली, "आमची पोर मध्येच सोडून जाणार नाही, मामा. आयुष्यभर राहील तिथे."

मुलीने चमकून आईकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"तसं काही कबूल करू नका," मामा म्हणाले. मग त्यांनी मनाशी ठरवलं आणि सरळ सांगून टाकलं. "ताई, माझ्या शब्दाची गरज नाही. हिची निवड झालेली आहे. हिने कुलूप सुटं करून जोडून दाखवलंय, कारखान्याच्या बाईंना ते पसंत पडलंय. नोकरी हिने स्वतः मिळवलीय."

मामांना वाटलं होतं, आईचा चेहरा फुलेल. तो उतरला. तिने मुलीकडे बघितलं, मग मामींकडे, मग पुन्हा मामांकडे.

"आमचं काही चुकलं का?" ती म्हणाली. "जिथे जावं तिथे हेच सांगतात. पोर हुशार आहे, तिचं होईल, शब्दाची काय गरज. आणि मग काही होत नाही. तुम्ही तरी असं टोलवू नका, मामा."

मामा थक्क झाले. आजवर त्यांचा पोकळ शब्द अख्ख्या गल्लीने डोक्यावर घेतला, आणि आज ते पहिल्यांदा खरं बोलले तर समोरची बाई म्हणत होती, टोलवू नका. त्यांनी आणखी एकदा समजावलं. जितकं समजावलं तितकी ती आणखी घाबरली. हा माणूस नाही म्हणायला एवढं गोड बोलतोय म्हणजे दार पुरतंच बंद झालं, असं तिला वाटत होतं. तिचा आवाज फुटला. मुलगी मामांकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं, आता बोला ना, माझ्या आईसाठी बोला.

मामांनी घसा साफ केला. "बरं," ते म्हणाले. "टाकतो शब्द."

आई खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मामींनी तिला पाणी दिलं. पाणी पिऊन, उठून, ती तीनदा आभार मानून जिना उतरायला लागली, चावणारी चप्पल हातात घेऊन. मुलगी मागे रेंगाळली.

"मामा, तुम्हाला कधी कळलं?" तिने हळूच विचारलं.

"आज."

"मग तरी टाकलात?"

मामांनी जिन्याकडे बघितलं, आई ऐकत नाही ना म्हणून. "आईला सांगू नकोस," ते म्हणाले.

मुलगी मान हलवून गेली. खाली तिची आई कुणाला तरी थांबवून मोठ्याने सांगत होती की मामांनी शब्द टाकला, आता काळजी नाही. मामा दाराची चौकट धरून ते ऐकत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते, आणि आत जायचं त्यांना सुचत नव्हतं.